निधनवार्तेतली एक ओळ: लिथुएनियन-पोलिश आजीची पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येकडच्या कोळसापट्ट्यात वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान अजून मन लावून वाचलं जातं. त्यात एक साचा वारंवार भेटतो: वयोवृद्ध आजी, लिथुएनियन आणि पोलिश वंशाची, आयुष्यभर शिवणकारखान्यात नोकरी, चर्चच्या जपमाळ मंडळाची सभासद, 'डिव्होटेड' आजी नि पणजी. या 'डिव्होटेड'ला मराठीत एक शब्द पुरत नाही. नातवंडांवर जीव टाकणारी आणि देवाधर्माचं मनापासून करणारी, दोन्ही त्यात आलं. पण माझी नजर अडते ती त्या आधीच्या 'आणि'वर. लिथुएनियन आणि पोलिश हे शब्द असे शेजारी बसायला बरीच भांडणं जुनी व्हावी लागली.

मुळात दोन्ही घरं सोयरिकीने जोडलेली. लिथुएनियाचा महाराजा योगाइला आणि पोलंडची राणी याद्विगा यांचं लग्न १३८६ साली झालं. १५६९ मध्ये लुब्लिनच्या करारानं दोन्ही राज्यं एक झाली. पुढे लिथुएनियातल्या सरदार घराण्यांनी पोलिश भाषा उचलली आणि लिथुएनियन राहिली ती मुख्यतः शेतकऱ्यांच्या तोंडी. १७९५ च्या फाळणीनंतर हे एकत्र राज्यच नकाशावरून गेलं. बहुतेक लिथुएनिया रशियाकडे गेला. पोलंडचे लचके रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं वाटून घेतले.

रशियाविरुद्धचा १८६३ चा उठाव चिरडल्यावर झारच्या सरकारनं लॅटिन लिपीतल्या लिथुएनियन छपाईवर बंदी घातली. ती थेट १९०४ पर्यंत टिकली. मग पुस्तकं प्रशियात छापायची आणि रात्री पाठीवर लादून सीमा ओलांडायची, असा धंदा सुरू झाला. या चोरट्या वाहकांना 'क्निगनेशाय' म्हणतात, म्हणजे पुस्तकं वाहणारे. त्यांच्या ओझ्यात प्रार्थनापुस्तकं भरपूर असत. शाळेत रशियन लिपी असल्यामुळे मुलांना अक्षरओळख घरीच, आईकडून. पेत्रास रिमशा या शिल्पकाराचं १९०६ चं एक शिल्प आहे: आई चरख्यावर सूत काढतेय आणि शेजारी उभं राहून मूल पुस्तक वाचतंय. आजीच्या हातातल्या झिजलेल्या प्रार्थनापुस्तकाकडे नुसती भक्ती म्हणून पाहिलं, तर हा भाग निसटतो.

दुष्काळ, जमिनीचे तुकडे आणि झारच्या सैन्यातली सक्तीची भरती यांना कंटाळून माणसं निघाली. १८९९ ते १९१४ या काळात अमेरिकेत आलेल्यांत सुमारे अडीच लाख लिथुएनियन नोंदले गेले. पोलिश त्याहून कितीतरी जास्त. शिकागोचे कत्तलखाने आणि पेनसिल्व्हेनियातल्या अँथ्रासाइट कोळशाच्या खाणी ही दोन मोठी ठिकाणं. त्यांची कागदावरची ओळख मात्र मजेशीर होती. १९१० च्या जनगणनेत मातृभाषा विचारायचं ठरलं ते तक्ते छापून झाल्यावर. वेगळा रकानाच नव्हता, म्हणून गणकांनी ती जन्मस्थानाच्या रकान्यात कोंबली: 'रशि. लिथुएनियन', 'रशि. पोलिश', 'ऑस्ट्रि. पोलिश'. देशाचं नाव एक, बोली दुसरी, आणि स्वतःचा देश नकाशावर नाहीच.

खाणीच्या गावांत सुरुवातीला दोघांचं चर्च एकच असे. मग प्रवचन कुठल्या भाषेत, पैसा कोणाचा, पाद्री कोणाचा, यावरून खटके उडाले. शेनँडोआ गावात लिथुएनियन लोकांनी पोलिश मंडळींपासून वेगळं होऊन सेंट जॉर्जचं चर्च उभारलं. ज्या सेंट काझिमिएरच्या नावाचं चर्च सोडून ते निघाले, तो संत दोन्ही देशांचा पालक, हा विनोद इतिहासानेच केलेला. १९१८ मध्ये दोन्ही देश स्वतंत्र झाले आणि १९२० मध्ये पोलिश सैन्यानं विल्नियस घेतलं, जे लिथुएनियन लोक आपली राजधानी मानत. १९३८ पर्यंत त्यांच्यात राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते. त्या काळात लिथुएनियन मुलीनं पोलिश मुलाशी लग्न करायचं म्हणजे दोन्ही घरांत कपाळावर आठ्या ठरलेल्या.

तरी लग्नं झाली. खाण एक, गल्ली एक, धर्म एक. पोरं तर इंग्रजीतच भांडत होती. आजीची पिढी अशा घरांतली. तिच्या आईनं घरात खाणकामगार भाडेकरू ठेवून त्यांचं रांधलं, कपडे धुतले. तिनं स्वतः शिवणयंत्र चालवलं. खाणी बसत गेल्या तसे या भागात कपड्यांचे कारखाने आले, आणि नवरा बेकार असताना बायकोच्या पगारावर घर चाललं. विल्क्स-बॅरी भागात मिन मॅथेसन या बाईंनी त्यांची कामगार संघटना बांधली. २२ जानेवारी १९५९ ला नॉक्स खाणीत सस्केहाना नदी घुसली, १२ माणसं गेली, आणि त्या खोऱ्यातली खोल खाणकामं जवळपास तिथंच संपली.

नाताळच्या आदल्या रात्री हे मिश्र घर नीट दिसतं. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळकं गवत, मांसाशिवाय बारा पदार्थ, आणि जेवणाआधी सगळ्यांनी मोडून वाटून घ्यायची पातळ पापडी. लिथुएनियन तिला 'कलेदाइतिस' म्हणतात, पोलिश 'ओप्वातेक'. खसखशीच्या दुधात भिजवलेले लहान गोळे लिथुएनियन बाजूचे. रिकामं ताट दोघंही मांडतात, पण पोलिश घरात ते अचानक दारात येणाऱ्या वाटसरूसाठी, तर लिथुएनियन घरात त्या वर्षी गेलेल्या माणसासाठी. आपल्याकडे पितरांचं पान वाढणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. अंगणातलं रूटाचं झुडूप म्हणजे लिथुएनियन मुलीच्या कौमार्याची खूण, वधूच्या डोक्यावरचा गजरा त्याचाच. रूटा म्हणजे आपली सताप. आपल्याकडे ती बाळाच्या औषधात.

महाराष्ट्राचा खरा धागाही आहे, पण दुसऱ्या महायुद्धातल्या, पुढच्या लाटेतला. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेनं हद्दपार केलेल्या सुमारे पाच हजार बायका-मुलांची छावणी १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवडे इथं होती. तिथून ही माणसं जगभर पांगली, काही अमेरिकेतही पोचली. १९४८ च्या अमेरिकी कायद्यानं विस्थापितांना वाट मिळाली तेव्हा युरोपातल्या छावण्यांतून लिथुएनियन लोकही आले. त्यांना आधी आलेले जुने लोक 'दिपुकाय' म्हणत, 'डीपी' म्हणजे विस्थापित यावरून. नवे शिकलेले, जुने खाणीतले. दोघांचं पटायला वेळ लागला.

शेनँडोआचं सेंट जॉर्ज चर्च २०१० मध्ये पाडलं. दफनभूमी मात्र अजून वेगवेगळ्या आहेत. जुन्या दगडांवर एकीकडे 'चा इल्सिसी', दुसरीकडे 'तू स्पोचिवा'. अर्थ दोन्हीचा 'येथे विसावले'. लिथुएनियन दगडावर नवऱ्याचं आडनाव 'अस' किंवा 'इस'सारख्या शेवटानं संपतं आणि बायकोचं 'इएने'नं. आजीच्या पिढीच्या दगडांवर दोघांचं आडनाव एकसारखं, आणि मजकूर इंग्रजीत.