सेल्मेन्त्स बुद्रुक आणि सेल्मेन्त्स खुर्द

आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं असली की मोठं बुद्रुक आणि धाकटं खुर्द, बरोबर? हंगेरियन लोकांचंही तेच, फक्त शब्द नावाच्या आधी लागतात, नॉज म्हणजे मोठं आणि किश म्हणजे छोटं. नॉज-सेल्मेन्त्स आणि किश-सेल्मेन्त्स ही अशीच एकमेकांना चिकटलेली दोन हंगेरियन गावं, मधून एकच रस्ता, पण आज बुद्रुक स्लोव्हाकियात आहे आणि खुर्द युक्रेनमध्ये.

मध्ये डोंगर असेल, नदी असेल असं वाटतं ना, तसं काहीच नाही. हा हंगेरीच्या मोठ्या मैदानाचा उत्तरेकडचा शेवट, सगळी सपाट शेतजमीन. मग सीमा आली कुठून, तर नकाशावरून. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरी मोडलं आणि दोन्ही गावं चेकोस्लोव्हाकियात गेली, 1938 ला परत हंगेरीत, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकियाचा पूर्वेकडचा पट्टा सोव्हिएत युनियनने घेतला तेव्हा रेघ नेमकी दोघांच्या मधून गेली. 1991 पासून खुर्द युक्रेनचं. म्हणजे तिथली एखादी म्हातारी घर न सोडता पाच देशांत राहून झाली!

ती रेघ पडल्यावर आली काटेरी तार, पहारा. रस्त्यापलीकडच्या बहिणीकडे जायचं तर व्हिसा काढा आणि लांबच्या नाक्यावरून वळसा घाला. लोक तारेजवळ उभे राहून मोठ्याने बोलायचे, कधी गाण्यातून निरोप द्यायचे, कोण गेलं, कोणाला मूल झालं. पहारेकऱ्यांना हंगेरियन कळायचं नाही. आता हे नुसतं नशीब नाही हं. स्लोव्हाक, युक्रेनियन, रशियन या तिन्ही स्लाव्हिक भाषा, म्हणजे मराठीच्या लांबच्या का होईना पण नात्यातल्या, आणि हंगेरियन मात्र उराली कुळातली, फिनिश-एस्टोनियनच्या गोतातली, साधारण 895 च्या सुमारास पूर्वेकडून आलेल्या माग्यार टोळ्यांबरोबर इथे पोचलेली. गंमत म्हणजे प्रत्यय शेवटी चिकटवायची सवय आपल्यासारखीच, हाझ म्हणजे घर, हाझबॉन म्हणजे घरात.

23 डिसेंबर 2005 ला शेवटी नाका उघडला, तोही फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी. दोन्ही बाजूंना लाकडी कोरीव दरवाजाचा एकेक अर्धा भाग उभा केलाय, दोन्ही मिळून एक दरवाजा. पण स्लोव्हाकिया 2007 मध्ये शेंगेनमध्ये, म्हणजे आपापसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात गेला आणि खुर्दवाल्यांची व्हिसाची कटकट आणखी वाढली, ती 2017 ला सुटली, तीसुद्धा बायोमेट्रिक पासपोर्ट असेल तरच. शिवाय कीवचं, म्हणजे युक्रेनचं, घड्याळ एक तास पुढे, त्यामुळे कितीला भेटायचं हे ठरवताना आधी विचारावं लागतं, तुमच्या टायमाने की आमच्या?