लिव्हरपूलचे पिअर हेड: धुराने पोखरलेले उन्नत स्थानक

इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात, मर्सी नदीवरच्या फेरीबोटींच्या धक्क्याजवळ, पिअर हेड हे रेल्वेस्थानक रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवर उभे होते. ते ज्या लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वेवर होते, तिचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १८९३ रोजी झाले आणि विजेवर धावणारी ती जगातील पहिली उन्नत रेल्वे ठरली. प्रारंभी वाफेच्या इंजिनांचा विचार झाला होता. परंतु गोदीत उतरलेल्या कापसाच्या गासड्यांवर एखादी ठिणगी पडली तर काय अनर्थ ओढवेल, हे ओळखून विजेची निवड करण्यात आली. इतका दूरदर्शी निर्णय घेणाऱ्या अभियंत्यांविषयी आजही आदर वाटतो.

मात्र स्थानकाच्या वैभवापेक्षा रुळांखालच्या तळाची हकिकत अधिक लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. खालून जाणाऱ्यांवर पाणी वा तेल गळू नये म्हणून हा तळ कमानीसारख्या वाकवलेल्या घडीव लोखंडी पत्र्यांनी पूर्ण बंदिस्त केलेला होता. पावसात त्याच्या आडोशाने चालणारे गोदी कामगार या मार्गाला आपली छत्रीच म्हणत. याच छताखालून गोदीची मालवाहू रेल्वे जात असे, आणि तिची इंजिने कोळशावर चालत. कोळशातील गंधक जळून तयार झालेला सल्फर डायऑक्साइड दमट हवेत गंधकाम्लाचे रूप घेई आणि काजळीसह पत्र्यांच्या खालच्या अंगाला चिकटून राही. उघड्यावरच्या लोखंडावरील असे आम्ल पाऊस थोडेफार धुऊन नेतो, आडोशाच्या पृष्ठभागावर मात्र ते साचतच जाते. शिवाय गंजताना बनलेल्या लोहक्षारांतून आम्ल पुन्हा मोकळे होत असल्याने थोड्याशा आम्लानेही पत्रा दीर्घकाळ झिजत राहतो.

१९५५ च्या तपासणीनंतर दुरुस्तीचा खर्च सुमारे २० लाख पौंड निघाला. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणात समाविष्ट नसलेल्या या खासगी कंपनीला तो पेलणे शक्य नव्हते. ३० डिसेंबर १९५६ रोजी वाहतूक थांबली आणि १९५७ मध्ये मार्ग पाडण्यास सुरुवात झाली. त्यात पिअर हेडही गेले. दक्षिण टोकाचे डिंगल स्थानक तेवढे वाचले, कारण ते भुयारात होते. पुढे तेथे मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालले.