पुदिना वाळवायचाय? गच्चीवर नेऊ नका

'कडक उन्हात वाळवलं की वर्षभर टिकतं' हे आपण पापड-कुरडयांवरून शिकलो आणि तोच नियम कुंडीतल्या पुदिन्याला, कढीपत्त्याला लावून मोकळे झालो. पण कुरडईला वास जपायचा नसतो, पुदिन्याला तेवढाच असतो! पानांचा सुगंध म्हणजे त्यांतलं उडून जाणारं तेल. भर उन्हात पाण्याबरोबर तेही उडतं, वर हरितद्रव्य विटून पानं तपकिरी पडतात. डब्यात उरतो तो निव्वळ पाला.

त्यापेक्षा पानं धुऊन, पंचावर कोरडी करून घरातच पंख्याखाली सुती कापडावर विरळ पसरा. वाळवायला ऊन लागतंच असं नाही. लागते कोरडी, खेळती हवा. म्हणून हे काम पावसाळ्याआधी उरका. दिवसातून एकदा पानं हलवा. चिमटीत धरल्यावर पान वाकलं तर अजून थांबा; कुर्रकन चुरलं की झालं. देठांत ओल जास्त दिवस राहते, तेव्हा पानं खुडूनच वाळवलेली बरी.

मग काचेची घट्ट झाकणाची बरणी. दुसऱ्या दिवशी आतून काचेवर दव दिसलं तर पानं लगेच बाहेर काढून पुन्हा पसरा, नाहीतर बुरशी ठरलेली. पानं अख्खीच ठेवा, चुरा वापरताना करा. आणि बरणी शेगडीवरच्या फळीवर नको, तिथे ऊब आणि वाफ दोन्ही.

कोथिंबिरीच्या वाटेला मात्र जाऊ नका. सावलीत वाळवली तरी तिचा वास फारसा उरत नाही.