मिठाच्या डोंगरावरून पृथ्वीचं माप

उपवासाच्या पदार्थांत आपण घालतो ते शेंदेलोण, म्हणजे सैंधव, पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक डोंगररांगेतून येत होतं. ही रांग आज पाकिस्तानातल्या पंजाबात, झेलम नदीच्या काठी आहे. खाली नजर पोचेल तिथवर सपाट मैदान आणि त्याच्या कडेला एकदम भिंतीसारखे उठलेले डोंगर. खेवड्याच्या प्रसिद्ध मीठखाणी तिथेच आहेत. त्याच रांगेत पिंड दादनखानजवळ नंदना नावाचा पडका किल्ला आहे आणि किल्ल्यात एका जुन्या देवळाचे अवशेष. १०१४ साली गझनीच्या महमूदानं हा किल्ला हिंदुशाही राजांकडून जिंकला. त्यानंतर काही वर्षांनी तिथे एक माणूस मुक्कामाला आला. आजूबाजूला लष्करी धामधूम असताना तो समोरच्या डोंगराकडे आणि खालच्या मैदानाकडे बघत होता. त्याला पृथ्वीची त्रिज्या काढायची होती.

हा अबू रैहान अल्‌ बीरूनी. जन्म ९७३ चा, ख्वारिज्ममधल्या काथ या गावचा, म्हणजे आजच्या उझबेकिस्तानातला. ज्यांच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला ते अल्‌ ख्वारिज्मीही मूळचे त्याच प्रदेशातले. बीरूनीचे गुरू अबू नस्र मन्सूर हे तिथल्या राजघराण्यातले, आणि त्रिकोणमितीतले मोठे जाणकार. ९९७ च्या मे महिन्यात चंद्रग्रहण झालं तेव्हा चोविशीतल्या बीरूनीनं ते काथमधून पाहिलं. बगदादमध्ये बसलेल्या अबुल वफा या गणितज्ञानंही, आधी ठरवल्याप्रमाणे, त्याच ग्रहणाच्या वेळा नोंदवल्या. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी घडतं, पण स्थानिक घड्याळात त्या क्षणी किती वाजले आहेत ते गावोगावी वेगळं असतं. तो फरक म्हणजेच दोन गावांच्या रेखांशांतला फरक. पत्रांशिवाय संपर्काचं साधन नसताना दोन शहरांतल्या दोन माणसांनी केलेला हा प्रयोग मला आजही थक्क करतो.

१०१७ मध्ये महमूदानं ख्वारिज्म घेतलं आणि तिथल्या विद्वानांना गझनीला नेलं. त्यांत बीरूनीही होता. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १०१८ मध्ये, काबूलजवळच्या एका खेड्यात त्याला अक्षांश काढायचा होता, पण हाताशी एकही उपकरण नव्हतं. त्यानं हिशेबाच्या पाटीच्या मागच्या बाजूला वर्तुळाचा कंस आखला, त्यावर अंश पाडले, ओळंबा लावला आणि काम भागवलं.

बीरूनीला पृथ्वीचं माप हवं होतं ते एका अगदी व्यावहारिक कारणासाठी. गझनीहून मक्केची दिशा नेमकी कोणती, हे त्याला गणितानं ठरवायचं होतं. त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लागतात. ग्रहण काही रोज होत नाही. मग उरतो एकच मार्ग: काफिल्यांच्या वाटांची लांबी घ्यायची, वळणांची सूट द्यायची आणि त्या अंतराचं अंशांत रूपांतर करायचं. पण एका अंशाला किती मैल, हे कळल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही. १०२५ मध्ये पूर्ण झालेला त्याचा 'तहदीद' हा ग्रंथ याच खटाटोपाचा आहे, आणि नंदनाची हकिगत त्यातच येते.

एका अंशाचं माप त्याच्याआधी घेतलं गेलं होतं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी बगदादच्या खलिफा अल्‌ मामूननं खगोलज्ञांना सिंजारच्या वाळवंटात पाठवलं होतं. एक तुकडी सरळ उत्तरेला निघाली, दुसरी दक्षिणेला. माध्यान्हीच्या सूर्याची उंची बरोबर एका अंशानं बदलेपर्यंत चालायचं आणि चाललेलं अंतर दोऱ्यांनी मोजत जायचं. उत्तर आलं ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल. एक अरबी मैल म्हणजे ४००० हात, साधारण दोन किलोमीटर. बीरूनीनंही कास्पियन समुद्राकडच्या मैदानात असाच प्रयत्न करून पाहिला होता, पण मदत मिळाली नाही आणि ते सोडावं लागलं. म्हणूनच नंदनाची कृती सांगताना तो आवर्जून म्हणतो की या रीतीत वाळवंटं तुडवावी लागत नाहीत.

रीत अशी. आधी डोंगराची उंची काढायची. त्यासाठी एक चौकोनी फळी, कडांवर समान खुणा, कोपऱ्यावर फिरणारी पट्टी आणि समरूप त्रिकोणांचं गणित, जे आज आठवी-नववीची मुलं करतात. उंची आली ६५२ हात. मग शिखरावर चढायचं आणि क्षितिजाकडे पाहायचं. पृथ्वी सपाट असती तर क्षितिज डोळ्यांच्या पातळीवरच, आडव्या रेषेत दिसलं असतं. पण ती गोल आहे, त्यामुळे उंचावरून क्षितिज किंचित खाली झुकलेलं दिसतं. हा झुकाव मोजायचा. बीरूनी लिहितो की तो एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश अंशाहून थोडा कमी भरला, म्हणून ३४ कला धरला. साठ कलांचा एक अंश होतो. ३४ कला म्हणजे पौर्णिमेचा चंद्र आभाळात जेवढा रुंद दिसतो त्याहून जराशा जास्त. हात लांब करून करंगळी समोर धरली, तर तिच्या जाडीच्या निम्म्याएवढा कोन.

आता मनात एक चित्र काढा. पृथ्वीच्या केंद्रापासून शिखरापर्यंत एक रेघ. शिखरापासून क्षितिजापर्यंत दुसरी, जी पृथ्वीला फक्त स्पर्श करून जाते. स्पर्शाच्या त्या बिंदूपासून परत केंद्रापर्यंत तिसरी. स्पर्शिका त्रिज्येला काटकोनात असते, म्हणून हा काटकोन त्रिकोण झाला. त्याचा केंद्राजवळचा कोन बरोबर त्या झुकावाएवढा असतो. एक बाजू त्रिज्या, कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची. उंची माहीत, कोन माहीत, उरली ती त्रिज्या. ती आली सुमारे १ कोटी २८ लाख हात.

या आकडेमोडीसाठी त्याला 'ज्या'चं, म्हणजे आजच्या भाषेत साइनचं, कोष्टक लागलं, आणि इथे भारताचा धागा येतो. आपल्याकडच्या ज्योतिर्गणितात 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत हा शब्द 'जीबा' झाला. अरबी लिपीत स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून पुढच्या लोकांनी तो 'जैब' वाचला. जैब म्हणजे कपड्याची घडी, गळा. हिंदीतली 'जेब' तिथूनच आली. लॅटिन अनुवादकांनी त्याचं शब्दशः 'सायनस' केलं आणि त्याचं झालं 'साइन'. जगभरातल्या कॅल्क्युलेटरवर जे बटण आहे त्याच्या नावात हा सगळा प्रवास आहे.

बीरूनीचं माप आजच्या मापाशी इतकं जुळतं की फरक फक्त १७ किलोमीटरचा, असा दावा इंटरनेटवर बराच फिरतो. मला तो पटत नाही, आणि बीरूनीच्या थोरवीला त्याची गरजही वाटत नाही. पहिली अडचण हाताची. त्याचा हात नेमका किती सेंटिमीटरचा, यावर सगळं उत्तर अवलंबून आहे. ४९ सेंटिमीटर धरा की ५०, त्रिज्या सव्वाशे किलोमीटरनं बदलते. दुसरी अडचण कोष्टकाची. ६५२ हात आणि ३४ कला हे आकडे घेऊन आज गणित केलं तर १ कोटी ३३ लाख हात येतात. एवढ्या बारीक कोनासाठी त्याचं कोष्टक पुरेसं सूक्ष्म नव्हतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आणि तीच मला सर्वांत रोचक वाटते. ती हवेची. जमिनीलगतची हवा दाट असते, वर ती विरळ होत जाते, त्यामुळे क्षितिजाकडून येणारा प्रकाशकिरण किंचित वाकून डोळ्यांत शिरतो. या वक्रीभवनामुळे क्षितिज असतं त्यापेक्षा वर उचललेलं दिसतं. नंदनाच्या सव्वातीनशे मीटरच्या आसपासच्या उंचीवरून झुकाव ३४ नव्हे, ३२ कलांच्या जवळपास दिसायला हवा होता. एका कलेच्या चुकीनं त्रिज्या सहा टक्क्यांनी हलते. म्हणजे निव्वळ हवेपायी उत्तर जवळजवळ सहाव्या हिश्शानं मोठं यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण वेगवेगळ्या दिशांच्या चुकांनी एकमेकींना सावरलं. त्यात दैवाचा भाग होता. रीत मात्र निखळ आहे.

बीरूनीला मी मानतो ते त्याच्या प्रामाणिकपणासाठी. ही रीत आपलीच, असं म्हणणं त्याला सहज शक्य होतं. पण त्यानं नोंदवून ठेवलं की मामूनच्या काळात सनद इब्न अली या खगोलज्ञानं, बायझंटाइन मोहिमेवर असताना, समुद्राजवळच्या डोंगरावरून मावळत्या सूर्याचा झुकाव असाच मोजला होता. भारतावरच्या त्याच्या ग्रंथातही हीच वृत्ती दिसते. तो १०३० चा. संस्कृत शिकून, ब्रह्मगुप्त आणि वराहमिहिर वाचून, पतंजलीच्या योगसूत्रांचा अरबीत अनुवाद करून मग त्यानं तो लिहिला. कोकणची राजधानी म्हणून आपल्या ठाण्याचाही त्यात उल्लेख आहे. ब्रह्मगुप्ताच्या गणिताबद्दल त्याला आदर आहे. पण ग्रहण सावलीनं होतं हे पक्कं ठाऊक असताना या माणसानं राहूची बाजू का घ्यावी, असं तो कळकळीनं विचारतो. आणि ज्याच्या दरबारात तो राहिला त्या महमूदानं या देशाची भरभराट धुळीला मिळवली, इथल्या विद्या काश्मीर आणि काशीकडे दूर निघून गेल्या, हेही तो स्वच्छ लिहितो.

नंदनाच्या मापावरून एका अंशाला सुमारे ५६ मैल निघाले, म्हणजे मामूनच्या माणसांच्या आकड्याला अगदी लागून. 'कानून अल्‌ मसूदी' या आपल्या मोठ्या ग्रंथात बीरूनीनं दोन्ही आकडे शेजारी मांडले. त्यांची उपकरणं अधिक बारीक होती, त्यांनी कष्टही अधिक घेतले, असं सांगून त्यानं स्वतःचा आकडा बाजूला ठेवला आणि पुढच्या गणितांसाठी त्यांचा घेतला.