नेटिव्ह टायटल: ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क

नेटिव्ह टायटल म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर लोकांचा आपल्या वाडवडिलांच्या जमिनीवरचा आणि पाण्यावरचा हक्क. हा हक्क सरकारने कोणाला दिलेला नाही, तो गोरे यायच्या आधीपासून होताच, कोर्टाने 1992 साली तो मान्य केला इतकंच, आणि हा एवढा मुद्दा डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. ॲबोरिजिनल म्हणजे मुख्य भूमीवरचे आणि टास्मानियातले लोक, टोरेस स्ट्रेट आयलंडर म्हणजे क्वीन्सलंड आणि पापुआ न्यू गिनीच्या मधल्या बेटांवरचे, हे दोन वेगळे समाज आहेत. त्यातही ॲबोरिजिनल हा काही एकच समाज नव्हे, 1788 च्या सुमाराला तिथे 250 च्या वर भाषा होत्या. 2021 च्या जनगणनेत 8,12,728 लोकांनी आपण या समाजांतले असल्याचं नोंदवलं, म्हणजे देशाच्या 3.2 टक्के.

26 जानेवारी 1788 ला ब्रिटिशांनी कैद्यांची वसाहत वसवायला सिडनीच्या खाडीत झेंडा रोवला. आपल्याकडे 26 जानेवारी म्हटलं की प्रजासत्ताक दिन, तिकडेही त्या दिवशी सुट्टी असते आणि ऑस्ट्रेलिया डे साजरा होतो, पण कितीतरी मूळ रहिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. झेंडा रोवला तेव्हा कोणाशी तह नाही, कोणाकडून खरेदी नाही. हजारो वर्षं माणसं राहत होती त्या जमिनीला कायद्याच्या लेखी मालकच नव्हता असं धरलं गेलं, यालाच पुढे टेरा न्युलियस म्हणायला लागले, म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन. आपल्या भाषेत सांगायचं तर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असताना सगळा सातबारा राजाच्या नावावर चढवला.

1901 ची राज्यघटना आली, तिच्या कलम 127 मध्ये चक्क लिहिलं होतं की लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल लोकांना धरायचं नाही. हे कलम 27 मे 1967 च्या सार्वमताने गेलं, 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. नेटवर बऱ्याच जणांनी लिहिलेलं असतं की 1967 ला त्यांना मतदानाचा हक्क मिळाला, ते चूक आहे, केंद्राच्या निवडणुकीतला तो हक्क 1962 ला मिळाला आणि राज्यांमध्ये सगळ्यात शेवटी क्वीन्सलंडने 1965 ला दिला. 1967 ने दोन गोष्टी झाल्या, एक म्हणजे ते मोजणीत आले आणि दुसरं म्हणजे केंद्र सरकारला त्यांच्यासाठी कायदे करता यायला लागले. जमीन मात्र होती तिथेच राहिली.

जमिनीची मागणी खरी गावागावातून वर आली. ऑगस्ट 1966 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिल नावाच्या गुरांच्या मोठ्या रँचवरून गुरिंजी समाजाची 200 च्या आसपास माणसं, गुराखी, घरकाम करणाऱ्या बाया, पोरंबाळं, काम सोडून चालत निघाली. पुढे होते विन्सेंट लिंगियारी. बाहेरच्यांना आधी वाटलं पगाराचा संप आहे, पण त्यांनी वॅटी क्रीकला मुक्काम ठोकला आणि सांगितलं की ही जमीन आमची आहे ती परत द्या. वर्षांमागून वर्षं गेली तरी ते हलले नाहीत. शेवटी 16 ऑगस्ट 1975 ला पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः तिथे आले आणि मूठभर माती लिंगियारींच्या हातावर ओतली. तो फोटो मर्विन बिशप या ॲबोरिजिनल फोटोग्राफरने काढलाय, कार्यक्रम शेडच्या सावलीत होता आणि उजेड नीट नव्हता म्हणून त्याने दोघांना बाहेर उन्हात आणून पुन्हा माती ओतायला सांगितली. फोटोत मागे निळंभोर आकाश आहे आणि म्हाताऱ्या लिंगियारींचा उघडा तळवा माती झेलतोय. जमीन मिळणं म्हणजे काय हे मला त्या एका तळव्याकडे बघून जितकं समजलं तितकं कुठल्या कायद्याच्या पुस्तकातून समजलं नाही. पुढच्याच वर्षी, 1976 ला, नॉर्दर्न टेरिटरीपुरता जमीन हक्क कायदा झाला आणि आज त्या प्रदेशातली साधारण निम्मी जमीन त्या कायद्याखाली ॲबोरिजिनल लोकांची आहे.

पण मूळचा सातबाराच खोटा होता हे कोर्टात सिद्ध केलं ते एडी कोइकी माबो यांनी. टोरेस स्ट्रेटमधल्या मेर बेटावर जन्म, पुढे टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात माळीकाम. 1974 च्या सुमाराला तिथल्या दोन इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोलता बोलता ते मेरवरच्या आपल्या जमिनीविषयी सांगत होते, तेव्हा त्या दोघांना जड मनाने सांगावं लागलं की कायद्याने ती तुमची नाही, सरकारची आहे. माबोंचा विश्वासच बसेना. मेरवर कोणाची बाग कुठपर्यंत हे लहान पोरालाही माहीत, बांधाला दगड आहेत, झाडं आहेत, आणि दुसऱ्याच्या जमिनीत पाय टाकायचा नाही हा तर मालो या देवाचाच नियम. मे 1982 मध्ये माबो आणि आणखी चौघांनी हायकोर्टात दावा लावला (ऑस्ट्रेलियात हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट). क्वीन्सलंड सरकारने 1985 ला कायदा करून हा हक्क मागच्या तारखेपासूनच खोडायचा प्रयत्न केला, तो 1988 ला वंशभेदविरोधी कायद्यामुळे कोर्टात पडला. आणि 3 जून 1992 ला सहा विरुद्ध एक असा निकाल लागला, मेरच्या लोकांचा हक्क आधीपासूनच होता आणि आजही आहे. माबो तो ऐकायला नव्हते, जानेवारीतच कॅन्सरने गेले होते. दहा वर्षांच्या लढ्यातले शेवटचे पाच महिने त्यांना मिळायला हवे होते.

निकालानंतर नेटिव्ह टायटल कायदा 1993 ला झाला आणि 1 जानेवारी 1994 पासून लागू झाला. खरी मेख इथे आहे. जिथे जमीन कोणाला खाजगी मालकीने दिली गेली तिथे हा हक्क संपलाच असं धरतात, म्हणजे शहरं आणि बहुतेक शेती त्यातून बाहेर. गुरं चारायला लीजवर दिलेल्या जमिनीवर तो शिल्लक राहू शकतो, हे 1996 च्या विक निकालाने ठरलं. दावा करणाऱ्यांना दाखवावं लागतं की ब्रिटिश सत्ता आल्यापासून आजपर्यंत आपले रीतिरिवाज आणि जमिनीशी नातं तुटलेलं नाही, आणि यात योर्टा योर्टा समाज 2002 ला हरला. ज्यांना सगळ्यात आधी हाकललं, ज्यांची पोरं सरकारने आईबापांपासून उचलून नेली, त्यांनाच आज विचारायचं की नातं का तुटलं, हे मला तरी न्यायाचं वाटत नाही. आणि हक्क मिळाला तरी कंपनीला खाण काढायला ठाम नाही म्हणता येत नाही, वाटाघाटीला बसता येतं एवढंच. मे 2020 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात रिओ टिंटो कंपनीने लोखंडाच्या खाणीसाठी जुकन गॉर्ज इथल्या गुहा सुरुंगाने उडवल्या, तिथे 46,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा होत्या आणि जमिनीवर नेटिव्ह टायटल असून, पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोक जीव तोडून थांबा म्हणत असून, राज्याच्या कायद्याने कंपनीकडे परवानगी होती.

भरपाईत जरा फरक पडला. नॉर्दर्न टेरिटरीतल्या टिंबर क्रीक गावाच्या 2019 च्या निकालात, सरकारच्या कामांमुळे हक्क गेला म्हणून, हायकोर्टाने तिथल्या मूळ रहिवाशांना जवळपास 25 लाख डॉलर दिले, त्यातले 13 लाख जमिनीशी असलेलं आध्यात्मिक नातं दुखावलं म्हणून, म्हणजे जमिनीची किंमत बाजारभावाच्याही पलीकडे असते हे कोर्टाने लिहून दिलं.

आता मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांना ऑफिसच्या मीटिंगला, पोरांच्या शाळेत, सुरुवातीलाच त्या जागेच्या मूळ समाजाचं नाव घेऊन आदर व्यक्त करतात ते ओळखीचं झालंय. नाव घेणं रुजलं, पण निर्णयात जागा देण्याचं गाडं अडलं. 2017 च्या उलुरू निवेदनात मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींनी मागितलं होतं की संसदेला सल्ला देणारं मूळ रहिवाशांचं एक मंडळ घटनेतच असावं, त्यावर 14 ऑक्टोबर 2023 ला सार्वमत झालं आणि साधारण 60 टक्के लोकांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत. उत्तरेकडच्या दूरच्या ॲबोरिजिनल वस्त्यांमध्ये फिरत्या मतदान केंद्रांवर मात्र हो ची मतं कितीतरी जास्त पडली होती.