रॉयल जेली : उत्पादनवाढीचे तंत्र

रॉयल जेली किंवा राजान्न म्हणजे साधारण ५ ते १५ दिवस वयाच्या कामकरी माश्यांच्या अधोग्रसनी आणि जबड्याच्या ग्रंथींतून स्रवणारा दुधाळ, आंबट-तुरट पदार्थ. या वयाच्या माश्यांना दाई माश्या म्हणतात. मधासारखी जेली पोळ्यात साठवलेली नसते. राणी होणाऱ्या अळीभोवती तेवढी ती भरपूर ओतलेली असते. म्हणून ती हवी असेल तर वसाहतीकडून राणीकोष, म्हणजे राणीच्या अळीची मेणाची घरे, बांधवून घ्यायचे, ते भरले की अळी काढायची आणि उरलेली जेली गोळा करायची, एवढाच मार्ग आहे.

पेटीचे उत्पादन तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते : माश्यांनी स्वीकारलेले कप (राणीकोषासाठी अळ्या सोडायच्या तयार वाट्या), दर कपातील जेली आणि हंगामातील फेऱ्या. ९० कपांपैकी ७२ स्वीकारले गेले आणि प्रत्येकात २५० मिलिग्रॅम भरली, तर एका फेरीत १८ ग्रॅम जेली मिळते. उत्पादन वाढवायचे म्हटले की बहुतेक जण आधी कप वाढवतात आणि तिथेच चुकतात. दाई माश्या तेवढ्याच राहतात, त्यामुळे तीच जेली जास्त कपांत थोडी थोडी वाटली जाते आणि काढायची मजुरी मात्र वाढते. आधी दाई माश्या आणि पराग वाढवावेत, कप त्यानंतर.

मेलिफेराची (युरोपीय मधमाशीची) दुमजली, माश्यांनी गच्च भरलेली वसाहत यासाठी निवडतात. राणी खालच्या शिशुखान्यात राहते, वर राणीजाळी असते, तिच्यातून कामकरी माश्या जातात पण राणी जात नाही. वरच्या मजल्यात कपांची चौकट मधोमध, तिच्या दोन्ही बाजूंना उघड्या अळ्यांची पोळी आणि त्यालगत परागाचे पोळे ठेवतात. अळ्यांना भरवण्यासाठी दाई माश्या वर येतात आणि राणीचा गंध तिथे क्षीण असल्याने कोषही स्वीकारतात. अळ्यांची पोळी दर आठवड्याला खालून बदलावीत. वर नेलेल्या पोळ्यांवर माश्या स्वतःहून राणीकोष काढतात, ते न चुकता मोडावेत. एक जरी नवी राणी बाहेर पडली तरी सगळे कप गेलेच म्हणून समजावे.

ग्राफ्टिंगच्या, म्हणजे अळ्या उचलून कपांत सोडण्याच्या, आदल्या दिवशी रिकामे कप पेटीत ठेवले की माश्या ते साफ करून ठेवतात. अळी २४ तासांच्या आतली घ्यावी : अंड्याहून किंचित मोठी, स्वल्पविरामासारखी वळलेली. जुन्या काळसर पोळ्यात ती चटकन दिसते. चिनी ग्राफ्टिंग पेनची लवचीक जीभ अळीच्या पाठीच्या बाजूने खाली सरकवून, तिच्याखालच्या जेलीसकट उचलून कपाच्या तळाशी मधोमध सोडावी. अळी एका कुशीवर असते आणि वरच्या बाजूच्या छिद्रांतून श्वास घेते. उलटी पडली तर ती बुडून मरते. अशी अळी सरळ करत बसू नये, दुसरी घ्यावी. खोली उबदार आणि दमट हवी. भरलेल्या पट्टीवर ओले फडके टाकावे, उन्हात तर मुळीच काम करू नये.

काढणी ६८ ते ७२ तासांनी करतात. त्यानंतर अळी जितकी जेली खाते तितकी नव्याने भरली जात नाही, त्यामुळे साठा घटतो. कपावर वाढलेली मेणाची कड धारदार पात्याने उतरवून चिमट्याने अळ्या काढतात. त्या मोजाव्यात. एखादी आत राहिली किंवा कापली गेली तर तिच्या अंगातला द्रव जेलीत मिसळतो. जेली प्लॅस्टिकच्या चपट्या चमच्याने किंवा शोषयंत्राने काढावी. जेली आम्लधर्मी असते, म्हणून लोखंडी भांडे वापरू नये. मग नायलॉनच्या जाळीतून गाळून गडद बाटलीत लगेच थंड करावी. लांबच्या साठवणीसाठी उणे १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. त्याच कपांत लगेच पुन्हा अळ्या सोडाव्यात. तळाशी राहिलेल्या जेलीच्या पुसट थरामुळे दुसऱ्या फेरीचा स्वीकार सहसा पहिलीपेक्षा चांगला असतो.

दोष कुठे आहे ते कपच सांगतात. एकूण एक कप रिकामे असतील तर राणी जाळीतून वर गेली आहे किंवा वर नवी राणी जन्मली आहे. मधले भरलेले आणि कडेचे रिकामे असतील तर दाई माश्या कमी आहेत. कप कमी करावेत. इकडे तिकडे विखुरलेले नकार दिसले तर अळ्या दुखावल्या किंवा सुकल्या. स्वीकार उत्तम पण कपात जेली थोडी, हे बहुधा परागाच्या टंचाईचे लक्षण. वरोआ हा परजीवी कोळीकीटक आणि नोसेमा हा आतड्याचा रोग दाई माश्यांच्या ग्रंथींचे काम मंदावतात. पण उत्पादनाच्या काळात प्रतिजैविके देऊ नयेत. २००२ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलच्या अंशांवरून युरोपीय संघाने चीनमधून येणारा मध व इतर प्राणिजन्य माल रोखला होता.

मकरंदाच्या टंचाईत समप्रमाण (साखर आणि पाणी सारखे) साखरपाक रोज संध्याकाळी थोडा थोडा द्यावा. एकदम भरपूर दिला तर माश्या तो पोळ्यांत साठवतात आणि राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. निव्वळ पाकाने जेली वाढत नाही. प्रथिने परागातून किंवा सोयापिठाच्या लगद्यातून मिळावी लागतात.

जगात सर्वाधिक जेली चीनमध्ये होते. तिथल्या चेजियांग प्रांतात इटालियन मधमाशीतून निवड करत वर्षाला पेटीमागे १० किलोहून अधिक जेली देणारा वाण तयार झाला. निवडीची रीत साधी आहे : सर्वाधिक देणाऱ्या वसाहतींच्या राण्यांपासूनच पुढच्या राण्या काढायच्या, शिवाय नरही चांगल्या वसाहतींचेच वाढवायचे. ही दुसरी अट सहसा विसरली जाते.

महाराष्ट्रातील सातेरी ही देशी मधमाशी या कामाला सोयीची नाही. तिची वसाहत लहान असते आणि सततच्या हाताळणीने ती पेटी सोडून जाते. मेलिफेरा पेट्यांनाही केवळ मक्यावर ठेवू नये. त्याचा पराग विपुल असला तरी प्रथिनांना हलका पडतो. पावसाच्या झडीत परागाची आवक थांबली की फेऱ्याही थांबवाव्यात.