ड्रोन उडवला म्हणजे डॉक्युमेंटरी होत नाही

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात हल्ली कुणीही शिवजयंतीच्या चित्ररथांवर ड्रोन फिरवतो, वर घोगऱ्या आवाजात 'ऐतिहासिक परंपरा लाभलेल्या' वगैरे निवेदन चिकटवतो आणि डॉक्युमेंटरी केली म्हणून सांगतो. अहो, तो वार्तापट झाला. वाईट नाही, पण वार्तापटच.

वार्तापट सगळ्यांना ठाऊक आहे: काय झालं, कुठं, पाहुणे कोण. १९४८ साली सरकारची चित्रपट बनवणारी फिल्म्स डिव्हिजन आली आणि थिएटरात मुख्य सिनेमाआधी तिचे वार्तापट आणि माहितीपट दोन्ही सक्तीनं दिसू लागले. घोळ बहुधा तिथूनच.

लांबी, निवेदन, पार्श्वसंगीत हे फरक किरकोळ. लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी: खरंखुरं टिपलं की झाला माहितीपट, असं त्यांना वाटतं. पण रॉबर्ट फ्लाहर्टीच्या १९२२च्या, नानूक नावाच्या इनुइट (एस्किमो) शिकाऱ्यावरच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून अर्धवट उघडं बर्फाचं घर बांधलं होतं, आणि बंदुका वापरणाऱ्या माणसांना जुन्या पद्धतीनं भाल्यानं शिकार करायला लावलं होतं. यावर जरूर भांडावं, मीही भांडतो. तरी तो माहितीपटच, कारण एका माणसाच्या जगण्याविषयी त्यात काहीतरी रचून मांडलंय. ब्रिटिश माहितीपटकार जॉन ग्रिअरसन यांची व्याख्याही हीच: वास्तवाची सर्जनशील मांडणी.

बेळगावातला आनंदवाडीचा कुस्तीचा आखाडा घ्या. हलगी वाजते, जोड लागते, एकजण घिस्सा डाव मारून दुसऱ्याला चीतपट करतो, इनाम मिळतं. एवढं दाखवलंत की बातमी पुरी झाली. आता कॅमेरा हरलेल्याकडे वळवा. तो पाठीची तांबडी माती झटकतोय, वस्ताद बोलत नाहीत. त्याला जोडून पहाटेच्या जोर-बैठका आणि घरी चाललेला खुराकाचा हिशेब लावा. कुस्ती तीच, पण आता प्रश्न पडतो: हे पोरगं कशाच्या जोरावर टिकणार? शॉट कुठला आधी, कुठला नंतर, कुठला कापायचा, हे तो प्रश्न ठरवतो. वार्तापटात ते घटनाच ठरवते.

म्हणून भारतातले आद्य चित्रपटकार सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये चित्रित केलेल्या कुस्तीला 'भारताचा पहिला माहितीपट' म्हटलं की माझं डोकं उठतं. माणूस मोठा, काम पहिलंवहिलं, पण ते घटनेचं चित्रण. गणितज्ञ रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाचं स्वागत त्यांनीच १९०१ मध्ये टिपलं. त्याला सगळे बिनतक्रार वार्तापट म्हणतात. मग दोनच वर्षं आधीच्या कुस्तीनं असं काय वेगळं केलं?